उभे रकाने, आडव्या ओळी

आजच्या भाषणाचा विषय गणिताचा आहे. परंतु त्याचा आरंभ जुन्नरच्या डोंगरांत करणें सोयीचें होईल. जुन्नरच्या पश्चिमेस, देशावरून कोंकणांत उतरणाऱ्या नाणेघाटाच्या माथ्याशीं एक लेणें आहे. त्याच्या भिंतींवर सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं कोरलेला, ब्राह्मी लिपींतील प्राकृत लेख आहे. सातवाहनांची राणी नागनिका हिच्या नांवानें तो ओळखला जातो. कोणत्या यज्ञांत काय दान दिलें, याची ती मोठी यादी होय. १७०० गायी, २४,४०० कार्षापण अशा संख्या तींत चिन्हांनीं कोरल्या आहेत. त्या चिन्हांत शून्य नाहीं. शंभराला स्वतंत्र खूण, हजाराला स्वतंत्र खूण, आणि त्यांना लहान आंकड्यांची जोड, अशी ती रीत आहे. म्हणजे तेथें आंकड्याची किंमत त्याच्या खुणेंत आहे, जागेंत नाहीं. आपण मात्र ७ हा आंकडा एकंच्या घरांत मांडला तर सात म्हणतों आणि शतंच्या घरांत मांडला तर सातशें म्हणतों. एकं, दहं, शतं हे मुलाला भेटणारे पहिले रकाने होत.

आतां ती दानांची यादी एखाद्या कारकुनाच्या हातीं दिली, तर तो काय करील? तो कागदावर रेघा आंखील. प्रत्येक यज्ञास एक आडवी ओळ. गायी, घोडे, हत्ती, नाणीं यांस एकेक उभा रकाना. मग डोक्यावरचीं व कडेचीं नांवें पुसून नुसते आंकडे कंसांत ठेवले, कीं गणितांतील आव्यूह, म्हणजे मॅट्रिक्स, तयार होतो. यांतला आंकडा कोणाचा, हें त्याच्या जागेवरूनच ओळखावें लागतें.

‘मॅट्रिक्स’ हें नांव सिल्व्हेस्टर या इंग्रज गणितज्ञानें १८५० सालीं दिलें आणि त्याचा मित्र केली यानें १८५८ सालीं त्यावर पद्धतशीर निबंध लिहिला. परंतु मांडणी फार जुनी आहे. चीनमधील ‘गणिताचीं नऊ प्रकरणें’ या प्राचीन ग्रंथांत एकेक समीकरण गणनकाड्यांनीं एकेका उभ्या रकान्यांत मांडण्याची रीत सांगितली आहे. आपण तेंच समीकरण आडव्या ओळींत लिहितों. दोन्ही रीती निर्दोष आहेत. मात्र कोणती रीत धरली आहे, हें वाचणाऱ्यास ठाऊक असलें पाहिजे.

हीच गोष्ट आजच्या संगणकास लागू पडते. हल्लीं गणिताचे पाठ अशा पानांवर लिहितां येतात, कीं विद्यार्थ्यानें एक आंकडा बदलतांच उत्तर व आकृति बदलून समोर येते. हीं पानें खूणभाषेंत लिहितात. कोनदार कंसांत एक शब्द लिहिला, कीं ती उघडणारी खूण; मजकूर संपल्यावर तोच शब्द तिरप्या रेघेसह लिहिला, कीं ती मिटणारी खूण. आपण आंखलेल्या रेघा यंत्राला दिसत नाहींत. त्याला फक्त या खुणा कळतात.

गणितासाठीं १९९८ सालीं मॅथएमएल ही खूणभाषा प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली. तींत कोष्टक ओळीओळीनें लिहितात. ओळीची खूण उघडावयाची, तींत एकेक घर भरावयाचें आणि ओळ मिटावयाची. सर्व ओळींतील पहिलीं घरें मिळून पहिला रकाना बनतो. डोनेट नांवाच्या, परस्परसंवादी पाठांसाठीं केलेल्या भाषेंत मात्र दोन्ही वाटा मोकळ्या आहेत. ‘ओळ’ या अर्थाच्या खुणेंत आंकडे घातले तर ते डावीकडून उजवीकडे बसतात. ‘रकाना’ या अर्थाच्या खुणेंत घातले तर वरून खालीं बसतात.

हा भेद क्षुल्लक वाटेल. म्हणून एक उदाहरण घेऊं. समजा, एक शेतकरी जुन्नर तालुक्यांतला आणि दुसरा आंबेगांव तालुक्यांतला आहे. पहिल्यानें टोमॅटोचे ४० क्रेट व कांद्याच्या १० पिशव्या विकल्या. दुसऱ्यानें २५ क्रेट व ३० पिशव्या विकल्या. क्रेटला ३०० रुपये व पिशवीला ५०० रुपये भाव धरूं. टोमॅटोचा रकाना ४० आणि २५. त्यास ३०० नें गुणिलें तर १२,००० व ७,५००. कांद्याचा रकाना १० आणि ३०. त्यास ५०० नें गुणिलें तर ५,००० व १५,०००. दोहोंची बेरीज केली, कीं पहिल्याचे १७,००० व दुसऱ्याचे २२,५०० रुपये होतात. मॅट्रिक्सचा गुणाकार तो हाच.

आतां पाठ लिहिणाऱ्यानें हे रकाने ‘ओळ’ या खुणेंत भरले, असें समजा. यंत्र पहिल्याच्या नांवें ४० क्रेट व २५ पिशव्या धरील, दुसऱ्याच्या नांवें १० क्रेट व ३० पिशव्या. उत्तर २४,५०० व १८,००० येईल. एकास ७,५०० रुपये अधिक, दुसऱ्यास ४,५०० रुपये कमी. आणि यंत्र तर एक शब्दही बोलणार नाहीं. माल तीन प्रकारचा असता तर दोन ओळी व तीन रकाने यांची अदलाबदल होऊन गुणाकारच अडला असता, आणि चूक तेथेंच उघडी पडली असती. चौरस कोष्टकांतली चूक मुकी असते, म्हणून तीच अधिक घातक.

आणखी एक सावधगिरी. एखाद्या यज्ञांत घोडे दिलेच नसतील, तर त्या घरांत शून्य लिहिलेंच पाहिजे. नाहीं तर पुढचा आंकडा सरकून घोड्यांच्या रकान्यांत शिरेल. परंतु नाणेघाटच्या लेखांत कांहीं अक्षरें झिजलीं आहेत. तेथें शून्य लिहिणें म्हणजे ‘दान दिलें नाहीं’ असें खोटें विधान करणें होय. ‘नाहीं’ आणि ‘वाचतां येत नाहीं’ यांत महदंतर आहे.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? कोष्टकाचें चित्र चिकटवलें तरी भागतें! डोळसाचें भागेल. परंतु अंध विद्यार्थ्यास पान वाचून दाखविणारें यंत्र चित्रांतले आंकडे भरंवशानें सांगूं शकत नाहीं. खुणा नीट असतील, तर ‘दुसरी ओळ, पहिला रकाना’ असें सांगून तें त्याला योग्य घराशीं नेऊं शकतें. शिवाय चित्रांतला आंकडा विद्यार्थ्याला बदलून पाहतां येत नाहीं तो नाहींच.

म्हणून पाठ लिहिणाऱ्या शिक्षकबंधुभगिनींस व घरीं मुलांना शिकविणाऱ्या पालकांस एवढेंच सुचवितों, कीं आंकडे भरण्यापूर्वीं रकान्यांचीं नांवें कागदावर लिहावीं. ओळ कोणती, रकाना कोणता, हें ठरवून मगच खूण उघडावी. आणि एका घराचें उत्तर हातानें काढून यंत्राच्या उत्तराशीं ताडून पाहावें. यंत्र गुणाकार चुकत नाहीं. परंतु कोणता आंकडा कोणाचा, हें त्याला सांगण्याचें काम आपलेंच आहे.