एकाच फीडरवर आजार आणि डोळा
(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषण)



मी डॉक्टर नाही. डिप्लोमा करून रेल्वेच्या विद्युत विभागात लागलेला माणूस. परंतु माझ्या थोरल्या मेहुण्यांच्या आजारपणात डॉक्टरांकडून जे समजले आणि पुढे जे वाचले, ते चारचौघांना सांगावे असा मंडळाचा आग्रह झाला, म्हणून उभा आहे.

मेहुण्यांच्या कवटीच्या पुढच्या तळाशी, नाकाच्या मुळाच्या वर, मेंदूच्या आवरणात एक धमनी थेट शिरेला जोडली गेली होती. याला फिस्टुला म्हणतात. शिरेची भिंत पातळ; तिच्यावर धमनीचा दाब आला की ती फुगते आणि फुटू शकते. या जागेच्या फिस्टुलात रक्तस्रावाचा धोका बराच असतो.

यावर एक उपाय एम्बोलायझेशनचा. जांघेतील किंवा मनगटातील धमनीतून अतिशय बारीक नळी क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत डोक्यापर्यंत नेतात आणि गोंदासारखे द्रव्य किंवा बारीक कण सोडून रक्ताची वाट बंद करतात. मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे चित्र पोर्तुगालच्या एगास मोनिझ यांनी १९२७ साली प्रथम काढले. सुईतून तार आणि तारेवरून नळी सरकवण्याची युक्ती स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी १९५३ साली मांडली. आजचे काम या दोन पायांवर उभे आहे.

आता खरी अडचण. या जागेला रक्त येते ते बहुधा डोळ्याच्या धमनीच्या फांद्यांतून. आवरणाच्या काही गाठींनाही, म्हणजे मेनिंजिओमांना, तिथूनच पुरवठा होतो. त्याच धमनीची केसासारखी एक फांदी डोळ्याच्या पडद्याला, म्हणजे रेटिनाला जाते. तिला बहुधा पर्यायी वाट नसते. ती बंद पडली तर दीड-दोन तासांत पडद्याला कायमची इजा होऊ शकते.

आपल्या भाषेत सांगतो. एकाच फीडरवर बिघाड झालेले सेक्शन आहे आणि इस्पितळही आहे. आयसोलेटर इस्पितळाच्या टॅपिंगच्या पलीकडे असेल तरच तो उघडायचा. अलीकडे असेल तर बिघाडाबरोबर इस्पितळही अंधारात जाईल.

म्हणून डॉक्टर नळीचे टोक रेटिनाच्या फांदीच्या पुढे नेतात, आणि द्रव्य उलटे वाहिले तरी त्या फांदीपर्यंत येणार नाही एवढे अंतर ठेवतात. तिथून रंगद्रव्य सोडून पाहतात. बुबुळामागचा भाग चित्रात उजळला तर जागा धोक्याची. काही ठिकाणी रुग्ण जागा असताना नळीतून भुलीचे औषध सोडून दृष्टी तपासतात. पण ती चाचणीही शंभर टक्के खात्री देत नाही. शिवाय गालाच्या बाजूने कवटीत जाणाऱ्या धमनीचे डोळ्याच्या धमनीशी छुपे सांधे असू शकतात. क्वचित डोळ्याची धमनी तिच्यातूनच निघते. म्हणजे दुसऱ्या वाटेने गेले तरी तपासणी चुकत नाही.

मेहुण्यांच्या वेळी नळी रेटिनाच्या फांदीपलीकडे जाईना. डॉक्टरांनी काही न सोडता ती परत काढली. बाहेर बसलेली आमची ताई रडू लागली. एवढे करून रिकाम्या हातांनी परत आलो, असेच सर्वांना वाटले. डॉक्टरांनी फिल्म दाखवून समजावले, तेव्हा पटले की थांबणे हाच त्या दिवशीचा उपचार होता. पुढे शल्यविशारदांनी कवटी उघडून ती शीर बंद केली. या जागेसाठी शस्त्रक्रिया हा जुना आणि भरवशाचा मार्ग आहे. आज मेहुणे दोन्ही डोळ्यांनी वर्तमानपत्र वाचतात.

मित्रहो, आपण गावापासून दूर राहतो. असा प्रसंग आला की दवाखान्यात सल्ल्याला थोरले माणूस जवळ नसते. म्हणून तीन प्रश्न लक्षात ठेवा. रक्त कोणत्या धमनीतून येते? डोळ्याची फांदी कुठे निघते? टोक तिच्या पलीकडे गेले नाही तर पुढचा मार्ग कोणता? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर संमतीपत्रावर सही करण्याआधी घ्या. आणि उपचारानंतर एका डोळ्याने दिसेनासे झाले, तर सकाळची वाट न पाहता त्याच क्षणी डॉक्टरांना कळवा.



गणपती बाप्पा मोरया!