पदर उलटा करून बघा!
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणावरून)



पुढच्या महिन्यात आपली सहल शिर्डीला निघते आहे. शिर्डीहून येवला तासाभराच्या अंतरावर. तेव्हा पैठणी घेतल्याशिवाय बस कल्याणला परतणार नाही, हे सेक्रेटरी साहेबांनाही ठाऊक आहे! म्हणून प्रवासातल्या खरेदीबद्दल चार शब्द सांगतो.

पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं. अस्सल पैठणी हातमागावर होते. पदरावरचे मोर, कमळं विणकर एकेक धागा हाताने गुंतवून विणतो, त्यामुळे उलट बाजूही सुलट बाजूइतकीच नेटकी दिसते. यंत्रमागाच्या साडीला मागे सुटे किंवा कापलेले धागे दिसतात. ती साडी वाईट नाही, स्वस्तात हौस भागते. पण तिलाच हातमागाची म्हणून भाव लावला की फसवणूक झाली. त्यात नुसते आपले पैसे जात नाहीत, महिनोन्महिने मागावर बसणाऱ्या विणकराच्या तोंडचा घासही जातो. तेव्हा काकू, वहिनी, पदर उलटा करून बघाच. हातमाग आणि रेशमाची खूण मागा, आणि पक्क्या बिलावर 'हातमाग' असं लिहून घ्या.

दुसरी गोष्ट 'पुरातन' वस्तूंची. "शेतात सापडली, साहेब, शिवकालीन आहे," असं सांगून कोणी नाणं किंवा मूर्ती दाखवतो. चिंच लावून पितळ उजळतं, तसं रसायन लावून ते जुनंही दिसतं. आपल्यापैकी अनेकांची मुलं परदेशात आहेत. त्यांना भेट द्यायला अशी मूर्ती घ्यावीशी वाटते. पण १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी मूर्ती किंवा नाणं ही पुरावस्तू ठरते. ती विकायला परवाना लागतो आणि आपल्याला ती देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे वस्तू खोटी निघाली तर पैसे गेले, आणि खरी निघाली तर मुलगा विमानतळावर अडकला! त्यापेक्षा कारागिराकडून नवी वस्तू नवी म्हणूनच घ्यावी. तिची किंमतही रास्त आणि मनाला घोरही नाही.

कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांची नोंद कान्हेरीच्या लेण्यांत कोरलेली आहे. इतक्या जुन्या बाजारपेठेतली माणसं आपण. दुकानदाराला दोन प्रश्न जास्त विचारायला लाजू नका. खरा माल असेल तो रागावणार नाही, उलट कौतुकाने उलगडून दाखवेल.

सहलीला शुभेच्छा!