रिकामा कूलर आणि डासांची अंडी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज दोन शब्द बोलावे अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. मी सातवीपर्यंत शिकलेली गृहिणी. पण डास हा विषय आपल्या घरातलाच, आणि कूलर उचलून ठेवण्याचे दिवस आले आहेत, म्हणून तोच घेतला.

2006 साली चिकुनगुन्याची साथ आली, तेव्हा मी नुकतीच सासरी आले होते. सासूबाईंचा ताप चार दिवसांत उतरला, परंतु पुढे कित्येक महिने त्यांना लाटणे धरवले नाही. त्या वर्षी देशात तेरा लाखांवर संशयित रुग्ण झाले. नावात ‘चिकन’ ऐकून काही घरांनी कोंबडी बंद केली. त्या बिचारीचा काही संबंध नव्हता! शब्द आफ्रिकेतला, दुखण्याने वाकून जाणे असा त्याचा अर्थ. 1973 साली आपल्या बार्शीत ही साथ येऊन गेली होती. नंतर तीस-बत्तीस वर्षे ती गेली असेच सगळे समजून होते.

नवल पुढेच आहे. 2007 च्या उन्हाळ्यात हाच ताप इटलीतील एका खेड्यात पसरला. आपल्या केरळातून गेलेला एक पाहुणा तेथे तापाने पडला, त्याला तेथले डास चावले, आणि दोनशेहून अधिक माणसे आजारी झाली. इतक्या थंड मुलखात डास टिकले कसे? तर थंडीने डास मरतात, अंडी मरत नाहीत. जुन्या टायरांतून 1990 च्या सुमारास तेथे एक पट्टेरी डास पोहोचला. त्याची मादी पाण्याच्या काठाशी ओलसर जागी अंडी चिकटवते. ती हिवाळाभर निजून राहतात आणि ऊब येऊन पाणी चढले की फुटतात. रोग नेणारा बहुधा एखादा प्रवासी असतो. 2025 साली फ्रान्समध्येही शेकडो लोकांना हा ताप तेथल्या तेथेच झाला.

आपल्या घरातला एडिस डास त्याचाच भाऊबंद. डेंग्यूही तोच देतो, आणि चावतो बहुतेक दिवसा. त्याची अंडी कडाक्याची थंडी सोसत नाहीत, पण पाण्यावाचून कित्येक महिने तग धरतात. आपण कूलरचे पाणी ओततो, फडके मारतो आणि माळ्यावर चढवतो. कडेला काळ्या कणांसारखी चिकटलेली अंडी तशीच राहतात. पुढच्या उन्हाळ्यात पाणी भरले की ती जागी होतात! म्हणून नुसते ओतून भागत नाही. टाकीची कड ब्रशाने खरवडून घासली पाहिजे. हे काम पुरुषमंडळींकडे द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. कूलरची हवा तेही खातात.

नालीला आणि नगरसेवकाला बोल लावणे सोपे आहे. नालीत डास होतात हे खरे, पण ते बहुतेक दुसऱ्या जातीचे. एडिसला आपले घरातले स्वच्छ, साठवलेले पाणी आवडते. नळ रोज येत नाही तर पाणी साठवू नका असे कोणत्या तोंडाने सांगावे? साठवावेच. परंतु ड्रमाला जाड फडके घट्ट बांधावे, आणि आठवड्यातून एकदा तो रिकामा करून आतून घासावा. अंड्याचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवडा चुकवू नये. मोठा हौद उपसणे शक्य नसेल, तर गप्पी मासे सोडावे. फ्रीजच्या मागची ताटली मात्र फार जणी विसरतात.

हा डास फार लांब उडत नाही; आपल्याला चावणारा बहुधा आपल्या किंवा शेजारच्याच घरचा असतो. आपल्या गल्लीच्या टोकाचे घर दोन वर्षांपासून बंद आहे. मंडळी पुण्याला गेली आणि गच्चीवरची उघडी टाकी पावसाने भरते आहे. किल्ली समोरच्या काकूंकडे आहे असे कळते. येत्या रविवारी सकाळी आठ वाजता चौघीजणी जाऊ. खराटा मी आणते.