पदवीनंतरची वाट आणि समाजाचे कर्तव्य
(वार्षिक संमेलनातील भाषण)



आज शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुलामुलींचा श्रीफळ व पुस्तके देऊन आपण गौरव केला, हे योग्यच झाले. परंतु याच सभागृहात मागच्या रांगेत एम. ए., एम. एस्सी. झालेली, संशोधनाची उमेद बाळगणारी काही तरुण मंडळी बसली आहेत. ‘हे शिकून मोठे झाले, आता यांना मदत ती कसली?’ असा आपला सर्वसाधारण समज असतो. मी स्वतः केवळ मॅट्रिक झालेला, आयुष्यभर मुलांना मुळाक्षरे गिरवावयास लावणारा शिक्षक. तथापि हा समज बरोबर नव्हे, हे नम्रपणे सांगण्यासाठी मी उभा आहे.

विद्यार्थ्याच्या पाठीशी उभे राहण्याची आपल्या प्रांताची परंपरा थोर आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे निघाली. त्यांपैकी जैन बोर्डिंगात राहिलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि पुढे साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांना एका पंक्तीत बसविले. त्या मुलांच्या मुखी घास पडावा म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले आणि ‘कमवा आणि शिका’ योजनेत घाम गाळून गरिबांची मुले पदवीधर झाली. १९६२ साली कोल्हापुरास शिवाजी विद्यापीठ झाले, तेव्हा सातारा-सांगलीच्या मुलांना उच्च शिक्षणाचे दार घराजवळ उघडले.

त्या काळी विद्यार्थ्याची गरज भाकरी, निवारा आणि फी एवढी होती. संशोधकाची गरज याहून निराळी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच. डी. साठी किमान तीन व सामान्यतः कमाल सहा वर्षे दिलेली आहेत; अध्यापनाचे व लेखनाचे प्रशिक्षणही त्यांत आवश्यक मानले आहे. म्हणजे नुसता प्रबंध लिहिणे पुरेसे नाही. शिकविता आले पाहिजे, आपले म्हणणे चारचौघांत मांडता आले पाहिजे. राष्ट्रीय परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळविणाऱ्यास २०२३ पासून प्रारंभी दरमहा ३७,००० रुपये मिळू लागले. सारथी, बार्टी, महाज्योती या संस्थाही निवडक संशोधकांना साहाय्य करतात. परंतु ज्यांची निवड होत नाही, त्यांनी काय करावे?

जत-आटपाडीच्या किंवा माण-खटावच्या कोरडवाहू घरातील मुलगा पंचविशीत येतो, तेव्हा घर त्याच्या कमाईकडे डोळे लावून बसलेले असते. मुलगी असेल, तर स्थळे येऊ लागतात. अर्ज कसा लिहावा, मार्गदर्शक कसा शोधावा, मुलाखतीस कसे बसावे, हे सांगणारे घरात कोणी नसते. बुद्धी कमी पडत नाही. वाट दाखविणारा कमी पडतो.

म्हणून माझी सूचना अशी. बक्षीस समारंभावर होणाऱ्या खर्चातील निम्मी रक्कम बाजूस काढून संशोधकांसाठी बिनव्याजी निधी उभारावा. त्यातून ग्रंथालयापर्यंतचा प्रवास, पुस्तके व प्रबंधाचे टंकलेखन यांचा खर्च भागेल. आपल्यातील निवृत्त प्राध्यापकांनी महिन्यातील एक रविवार याच सभागृहात अर्ज, निबंधलेखन व मुलाखत यांच्या मार्गदर्शनास द्यावा. यास पैसा लागत नाही, मन लागते. आणि पालकांनो, मुलीने प्रबंध हाती घेतला असेल, तर तो पुरा होईपर्यंत लग्नाची घाई करू नका.

कोणी विचारतील, प्रबंध झाल्यावर नोकरी मिळेलच कशावरून? खात्री कोणीच देऊ शकत नाही. परंतु बियाणे पेरताना पावसाची खात्री कोणत्या शेतकऱ्याने मागितली? ज्याला लिहिता-बोलता व शोध घेता येतो, तो अध्यापक न झाला तरी निरुपयोगी ठरत नाही.

अखेरची एक गोष्ट काहींस रुचणार नाही, तरी बोलतो. हा निधी आपल्या ज्ञातीच्या नावाने असो, पण त्याचे दार इतर समाजांच्या गरजू मुलांना बंद असू नये. ज्ञातीच्या बोर्डिंगात राहिलेल्या कर्मवीरांनी स्वतः वसतिगृह काढले, ते सर्वांसाठी. त्यांची तसबीर आपण भिंतीवर लावली आहे. तिच्याखाली बसून जात विचारणे आपणांस शोभणार नाही.

कार्यकारी मंडळाने याच वर्षी या सूचनेचा विचार करावा, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.