रिपोर्ट निगेटिव्ह आला, तरी भीती जात नाही

गटाची बैठक आटोपली असेल, भाकरी थापता थापता ऐकत असाल, तर आवाज जरा मोठा करा. आज आपण एचआयव्हीच्या तपासणीबद्दल बोलणार आहोत, आणि तपासणी झाल्यावरही मनात उरणाऱ्या भीतीबद्दलही.

आमच्याकडच्या एका ताईंची ही गोष्ट. त्यांना विचारून, ओळख पटणार नाही अशा बेताने सांगतो आहोत. ताई एकट्या राहतात, पदरी मुलगी आहे. एकदा एका माणसाशी संबंध आला. निरोध वापरला होता, फाटलाही नव्हता. पण दुसऱ्या दिवसापासून मनात एकच, "मला ते झालं असेल." पंधरा दिवसांत खासगी लॅबमध्ये रक्त दिलं, निगेटिव्ह आलं. दीड महिन्याने दुसऱ्या लॅबमध्ये, तिथेही निगेटिव्ह. चौथ्या महिन्यात ग्रामीण रुग्णालयात, पुन्हा निगेटिव्ह. तरी ताईंनी गटातून 'औषधपाण्यासाठी' कर्ज काढून आणखी दोन ठिकाणी तपासलं. घरात स्वतःचं ताट-तांब्या वेगळं केलं. मुलीला कुशीत घेणं बंद केलं.

कर्जाचा हप्ता थकला तेव्हा आम्ही दोघी-तिघी त्यांच्याकडे गेलो, आणि हे सगळं बाहेर आलं. संबंध कुणाशी, का, हे आम्ही विचारलं नाही. ते आपलं काम नव्हे. त्यांच्यासोबत तपासणी केंद्रात गेलो. समुपदेशक ताईंनी जे समजावलं, ते तुम्हालाही उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, तपासणी कधी करायची. केंद्रात बोटाच्या किंवा शिरेच्या रक्ताची झटपट चाचणी होते. विषाणूशी लढायला आपलं शरीर जी प्रतिपिंडं तयार करतं, ती या चाचणीत सापडतात. ती तयार व्हायला वेळ लागतो. आज पेरलं आणि उद्या बांधावर जाऊन "उगवलं नाही" म्हटलं तर कसं चालेल? तसंच हे. बहुतेकांच्या रक्तात महिना-दीड महिन्यात ती सापडतात, पण पक्का निकाल ३ महिने पूर्ण झाल्यावरचा धरतात. म्हणून ताईंची पंधराव्या दिवसाची चाचणी लवकरची होती. चौथ्या महिन्यातली मात्र पक्की. त्यानंतर नवा धोका आलेला नसेल, तर दहा लॅब फिरून उत्तर बदलत नाही.

दुसरी गोष्ट, चाचणी चुकली तर? चाचणीच्या पट्टीवर एक तपासरेषा असते. ती उमटली नाही, तर ती चाचणी धरतच नाहीत, पुन्हा करतात. आणि पहिल्या चाचणीत दोष दिसला म्हणून लगेच कुणाला पॉझिटिव्ह ठरवत नाहीत. सरकारी केंद्रात वेगवेगळ्या ३ चाचण्यांत तेच दिसलं, तरच तसा निकाल देतात. उपाशीपोटी जायची गरज नाही, पाळी चालू असली तरी चालतं. गरोदरपणात आपलं रक्त एचआयव्हीसाठी तपासतात ना, तीच ही तपासणी.

तिसरी गोष्ट, धोका किती. निरोध नीट वापरला आणि फाटला नाही, तर धोका फारच कमी. निरोध नसला आणि समोरच्याला उपचार न घेतलेला एचआयव्ही असला, तरी योनीमार्गाच्या एका संबंधातून बाईला लागण होण्याची शक्यता १०,००० वेळांत साधारण ८ इतकी मानतात. म्हणून गाफील राहायचं असं नाही. तसा संबंध वारंवार आला की धोका वाढत जातो. निरोध फाटला किंवा जबरदस्ती झाली, तर ७२ तासांच्या आत सरकारी दवाखान्यात पोहोचा, जितकं लवकर तितकं बरं. डॉक्टरांना गरज वाटली तर २८ दिवसांची औषधं देतात. ती घेतली असतील, तर तपासणीची तारीखही त्यांनाच विचारा.

आता भीतीचं. ताई म्हणायच्या, "वजन उतरलंय, केस गळतात, झोप नाही, म्हणजे तेच असणार." चार महिने धड जेवली नाही, झोपली नाही, तर कुणाचंही वजन उतरेल. अशा लक्षणांवरून एचआयव्ही ओळखता येत नाही, तपासणीच सांगते. समुपदेशक ताईंनी हळूच विचारलं, "रिपोर्टवर विश्वास नाही, की आपल्याला शिक्षा व्हायलाच हवी असं वाटतंय?" ताई तेव्हा पहिल्यांदा रडल्या. लोकलाजेची टोचणी होती ती. ती रक्तात कशी सापडणार? त्यावर औषध म्हणजे विश्वासाच्या माणसाशी बोलणं.

आणि समजा एचआयव्ही असताच, तरी एका ताटात जेवल्याने, लेकराला कुशीत घेतल्याने तो पसरत नाही. सरकारी एआरटी केंद्रात औषधं मोफत मिळतात, ती रोज घेणारी माणसं कष्टाची कामं करत संसार चालवतात.

तपासणी ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयातल्या एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात मोफत होते. २०१७ च्या कायद्याने तुमची संमती घेणं आणि निकाल गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. फोनवर विचारायचं असेल तर १०९७ हा क्रमांक मोफत आहे. काळजीने झोप उडाली असेल तर १४४१६ वर बोला, तोही मोफत आहे.

ताईंनी समुपदेशकांशी ठरवलंय, नवं कारण नसताना पुन्हा रक्त द्यायचं नाही. भीती अजून मधूनच डोकं वर काढते, असं त्या सांगतात. तेव्हा त्या आमच्यापैकी एकीला फोन करतात. हप्ता सुरू झालाय, आणि मुलगी पुन्हा त्यांच्या कुशीत झोपते.

तुमच्या गटात कुणी औषधपाण्यासाठी वरचेवर कर्ज मागत असेल, तर वहीत आकडा लिहिण्याआधी तिला बाजूला घेऊन विचारा, "बाई, बरं आहे ना?" आणि जे सांगेल ते तुमच्याजवळच ठेवा.