फवारणी करणाऱ्याचे विद्यापीठ कोणते?

(यवतमाळ जिल्ह्यातील कार्यकर्ता शिबिरात दिलेल्या व्याख्यानाचा संक्षिप्त मजकूर)



विद्यापीठीय संशोधन आणि समाज असा भारदस्त विषय आपण मला दिला आहे. परंतु ज्या जिल्ह्यात आपण बसलो आहोत, तेथे या विषयावर हवेत बोलणे शक्य नाही. २०१७ च्या पावसाळ्यात याच जिल्ह्यात कपाशीवर औषध फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले आणि कित्येकांची दृष्टी काही काळ गेली. दुर्घटना म्हणून या प्रकरणाची पुष्कळ चर्चा झाली. मी तिच्याकडे आपल्या विद्यापीठांची झालेली परीक्षा म्हणून पाहतो.

त्या वर्षी काय घडले ते आठवा. कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती. जिच्यावर मात करणारे बियाणे म्हणून शेतकऱ्याने जादा पैसे मोजले, ती गुलाबी बोंडअळी त्या बियाण्याला दाद देईनाशी झाली होती. घाबरलेला शेतकरी कृषी सेवा केंद्रात गेला आणि दुकानदाराने दोन-तीन औषधे व वर एखादे टॉनिक अशी मिसळ त्याच्या हाती ठेवली. बॅटरीवर चालणाऱ्या नव्या पंपाचा फवारा हातपंपापेक्षा बारीक आणि वेगवान होता. मजूर नळी उंच धरून स्वतःच उडवलेल्या धुक्यात शिरत होता. दमट उकाड्यात अंगभर जाड पोशाख घालून कोणी काम करू शकत नाही, हे तो पोशाख योजणाऱ्याला ठाऊक नव्हते. अखेर मजूर दवाखान्यात पोहोचला, तेव्हा रक्तातील कोलिनेस्टरेज मोजून विषबाधेचा अंदाज देणारी तपासणी जिल्ह्याच्या ठिकाणी उपलब्ध नसल्याचे उघड झाले.

म्हणजे किडीचा प्रश्न कृषिशास्त्राचा, पंपाचा व पोशाखाचा अभियांत्रिकीचा आणि विषबाधेचा वैद्यकाचा. तिन्ही विद्याशाखा आपापल्या इमारतीत सुखरूप होत्या. त्या तिघींना जोडणारा एकच माणूस होता, आणि तो पाठीवर पंप घेऊन शेतात उभा होता.

वास्तविक कृषी विद्यापीठांची कल्पना याच्या नेमकी उलट होती. अमेरिकेत १८६२ च्या मॉरिल कायद्याने जमिनी देऊन शेती व यंत्रविद्येची महाविद्यालये उभारण्यात आली, १८८७ साली त्यांना संशोधन केंद्रांची जोड मिळाली आणि १९१४ साली विस्तारकार्याची. तोच नमुना समोर ठेवून आपल्याकडे १९६० साली पंतनगरला पहिले कृषी विद्यापीठ निघाले. महाराष्ट्रात १९६८ ते १९७२ या काळात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार विद्यापीठे झाली. राहुरीला महात्मा फुल्यांचे आणि अकोल्याला पंजाबराव देशमुखांचे नाव देण्यात आले. त्या नावांचे ओझे मोठे आहे. परंतु आपण अमेरिकेचा नमुना अर्धाच उचलला. गावपातळीवरील विस्ताराची मुख्य जबाबदारी शासनाच्या कृषी खात्याकडेच राहिली. विद्यापीठाने शिफारस छापायची आणि खात्याने ती पोहोचवायची, अशी वाटणी झाली. पुढे खात्याचा कृषी सहायक योजनांच्या याद्यांत आणि पंचनाम्यांत अडकला.

याचा परिणाम आकड्यांत पाहा. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २००३ सालच्या ५९ व्या फेरीत देशातील शेतकरी कुटुंबांना विचारले गेले, की आधुनिक तंत्राची माहिती तुम्हाला कोठून मिळते? सुमारे साठ टक्के कुटुंबांना कोठूनच मिळत नव्हती. निविष्ठा विकणाऱ्या दुकानदाराचे नाव घेणारे सुमारे १३ टक्के होते, सरकारी विस्तार कर्मचाऱ्याचे सुमारे ६ टक्के, आणि कृषी विज्ञान केंद्राचे नाव घेणारे एक टक्काही भरले नाहीत. त्याच वर्षी हैदराबादच्या ‘मॅनेज’ या केंद्रीय संस्थेने दुकानदारांसाठी एक वर्षाची पदविका सुरू केली. दुकानदार शिकला तर वाईट नाही. परंतु ज्याचे पोट बाटलीच्या विक्रीवर आहे, त्याने बाटली घेऊ नका असा सल्ला द्यावा, ही अपेक्षा कोणत्याही अर्थशास्त्रात बसत नाही.

आणि खरा पेच येथेच आहे. बोंडअळीवर विद्यापीठांकडे उत्तरे नव्हती असे नाही. पाच टक्के निंबोळी अर्क, कामगंध सापळे, फरदड न घेता डिसेंबरअखेर शेत मोकळे करणे, कमी कालावधीचे वाण, या शिफारशी त्यांच्या पुस्तिकांत आहेत. परंतु निंबोळी बांधावर फुकट मिळते. शेत वेळेवर मोकळे करण्यात कोणाला कमिशन नाही. शेतकऱ्याला घरी राखता येईल अशा सरळ वाणाचे बियाणे दरवर्षी विकता येत नाही. विकता येणारे ज्ञान स्वतःच्या पायांनी गावात येते. न विकता येणारे पोहोचवायला सार्वजनिक पैशाचे पाय लागतात, आणि तेच आपण कापून टाकले. विद्यापीठांतील पदे वर्षानुवर्षे रिकामी ठेवायची आणि वर संशोधनातून महसूल मिळवा म्हणायचे, हे धोरण त्यांना त्याच दुकानदाराच्या दारी नेऊन बसवते.

दोष केवळ इतरांना देऊन मी मोकळा होणार नाही. मी आयुष्यभर विद्यार्थ्यांना उत्पादनखर्चाचे तक्ते शिकवले. त्यात कीटकनाशकांचा एक रकाना असतो आणि मानवी श्रमाचा एक. फवारणाऱ्याची मजुरी त्यात येते. त्याचे बुडालेले दिवस, दवाखान्याचे बिल, डोळ्यांची आग यांतले काहीही येत नाही. अनेक ठिकाणी त्याला पंपामागे पैसे मिळतात, म्हणजे जितके पंप अधिक तितके विष अधिक. मी ही गोष्ट कधी फळ्यावर मांडली नाही. माझ्या वर्गात एकाही विद्यार्थ्याने विचारली नाही, कारण आम्ही ‘शेतकरी’ म्हणत होतो तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे सातबारा असलेला माणूस होता. शिवार फेरीला आणि कृषी मेळाव्यालाही तोच बोलावला जातो.

दुसरे काही शक्य नाही काय? शेजारच्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयाने विद्यार्थ्यांच्या प्रत्येक तुकडीला एक गाव दत्तक देण्याची प्रथा घातली. पहिल्याच वर्षी ही मुले गावात मुक्काम करतात आणि पुढेही त्या गावाशी संबंध ठेवतात. कृषी व अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी त्यांच्यासोबत त्याच गावात का जाऊ नये? आणि ज्या अमेरिकेचा नमुना आपण घेतला, तेथील कॅलिफोर्निया राज्यात अशी विषारी औषधे हाताळणाऱ्या शेतमजुरांच्या कोलिनेस्टरेजवर १९७४ पासून देखरेख ठेवली जाते. काम सुरू होण्यापूर्वी रक्त तपासायचे, हंगामात पुन्हा तपासायचे, आणि पातळी ठराविक मर्यादेखाली गेली की त्या माणसाला फवारणीवरून दूर करायचे. त्याचा खर्च मालकाने सोसायचा. यात अवघड विज्ञान काही नाही.

आपल्या कार्यकर्त्यांना माझी विनंती मोर्चाची नाही; तो पुढे काढावा लागला तर काढू. प्रत्येक तालुक्यात पाच गावे घ्या. त्या गावांत कपाशीवर फवारणी करणाऱ्या मजुरांची नावे, वये, दिवसाला किती पंप मारतात, कोणते औषध कशात मिसळतात, अंगावर काय घालतात, याची नोंद करा. स्त्रियांना वगळू नका. पाणी आणून औषध कालवण्याचे काम पुष्कळदा त्याच करतात. ही यादी वैद्यकीय महाविद्यालयाच्या अधिष्ठात्यांकडे घेऊन जा आणि हंगामापूर्वीच्या रक्ततपासणीची तारीख लेखी मागा. तिचीच दुसरी प्रत कृषी विद्यापीठाच्या विस्तार संचालकांना आणि तिसरी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्राचार्यांना द्या, आणि उत्तर आले नाही तर महिनाभराने पुन्हा जा. पेरणी जूनमध्ये होते, जुलैपासून पंप बाहेर निघू लागतात. याद्या मे महिन्यात तयार हव्यात.