मुखपट्टी आणि लोकमानस



साथीच्या काळात लोक मुखपट्टी का स्वीकारतात आणि का झुगारतात, याविषयी चार शब्द बोलण्याचे आम्ही योजिले आहे.

१९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहराने ऑक्टोबर महिन्यात मुखपट्टी सक्तीची केली. महायुद्ध चालू होते. मुखपट्टी लावणे ही देशसेवाच मानली गेली आणि बहुसंख्य नागरिकांनी ती लावली. २१ नोव्हेंबरला सक्ती उठताच लोकांनी पट्ट्या रस्त्यावर भिरकावून आनंद व्यक्त केला. जानेवारी १९१९ मध्ये साथ पुन्हा बळावली, तशी सक्तीही परत आली. परंतु पहिला उत्साह परतला नाही. ‘मुखपट्टीविरोधी संघ’ स्थापन झाला, त्याच्या सभेस मोठा समुदाय लोटला, आणि १ फेब्रुवारीस हुकूम मागे घेण्यात आला.

लोकमत इतक्या लवकर का पालटले? युद्ध संपले होते, लोक कंटाळले होते. शिवाय मुष्टियुद्धाच्या एका सामन्यात खुद्द महापौर जेम्स रॉल्फ व आरोग्याधिकारी विल्यम हॅसलर मुखपट्टीविना आढळले होते. त्यांचे दंडावर भागले. सामान्य माणसांपैकी काहींना मात्र तुरुंगात जावे लागले होते.

आपल्याकडे २०२० च्या आरंभी निरोगी माणसास मुखपट्टीची आवश्यकता नाही, असे सांगितले जात होते. एप्रिलच्या प्रारंभी घरगुती कापडी पट्टीचा सल्ला आला आणि १५ एप्रिलच्या केंद्रीय आदेशाने ती सार्वजनिक ठिकाणी सक्तीची झाली. लक्षणे दिसण्यापूर्वीही बाधित माणूस रोग पसरवू शकतो, हे ध्यानी आल्याने सल्ला बदलला होता. हे कारण मात्र घरोघरी पोचले नाही. पोचली ती दंडाची रक्कम. म्हणूनच पोलीस दिसताच हनुवटीवरची पट्टी नाकावर चढे आणि तो दृष्टिआड होताच खाली उतरे. महाराष्ट्रात २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्यास, ही सक्ती संपली.

आपली पट्टी मुख्यतः शेजाऱ्याच्या रक्षणासाठी असते. अशा गोष्टीस नुसता दंड पुरत नाही. आम्हां शासकीय सेवकांवर म्हणून दोन कर्तव्ये येतात: नियम प्रथम स्वतः पाळणे, आणि सल्ला बदलल्यास त्याचे कारण लोकांना त्यांच्या भाषेत सांगणे. या दुसऱ्या कामी आपल्या मंडळासारख्या संस्था मोठे साहाय्य करू शकतील. पुढील साथ येण्याची वाट न पाहता त्यांनी ते अंगीकारावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.